पुलाची आणि खुर्चीची

कामथडीत गुरुवारी लाईट जाते. सकाळी गेली की दुपार उलटेपर्यंत येत नाही. गावातल्या बायकांना हे पाठ आहे, त्या दळण बुधवारीच आणून टाकतात. त्यामुळे अमृतची पिठाची गिरण गुरुवारी बंद असते. तरुणपणापासून गिरणीच्या घरघरीत उभा राहिलेला माणूस. एरवी त्याला बोललेलं अर्धंच ऐकू येतं आणि तो अर्ध्यालाच मान डोलावतो. गुरुवारी मात्र त्याचे कान मोकळे असायचे, आणि गुरुवारीच वरव्याहून बाजी यायचा.

बाजीचा मंडप-स्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, जत्रा, कुणाचा सत्कार, सगळीकडे त्याचे कर्णे. गुरुवारी कुठं लग्न नसलं की तो मोटारसायकल गिरणीच्या दाराशी लावायचा, आत येऊन पोत्यावर बसायचा आणि पाणीसुद्धा न पिता सेलवरच्या टेपकडे बोट करून म्हणायचा, "लाव."

"कुठली?"

"कुठली काय इचारतोस? भारी हाय ती."

"म्हंजे पुलाची."

"तुझ्या पुलावरनं एस्टी पडली खाली. खुर्चीची लाव."

इथून जे सुरू व्हायचं ते दोनदा चहा होईपर्यंत चालायचं.

लग्नं व्हायच्या आधी दोघं पुण्यात एका कॉलेजच्या होस्टेलच्या मेसमध्ये वाढप्याचं काम करायचे. परीक्षा संपून पोरं गावी गेली तेव्हा एकानं खोली रिकामी करताना दोन कॅसेटी यांच्या हातात दिल्या. इंग्रजी बँडच्या. आत चार केसाळ माणसांचा फोटो, खाली इंग्रजीत बरंच काही छापलेलं. ते वाचायच्या भानगडीत दोघंही कधी पडले नाहीत. एकीच्या कव्हरावर धुक्यातला लोखंडी पूल होता, ती पुलाची. दुसरीवर मोकळ्या रानात ठेवलेली एक खुर्ची, ती खुर्चीची. पुलाची अमृतकडे राहिली, खुर्चीची बाजी खिशात घालून आणायचा. त्या चौघांनी आणखी किती कॅसेटी काढल्या, ते कुठल्या मुलखाचे, अजून आहेत का गेले, यातलं काही यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटलंही नाही. यांच्या हिशेबी त्या बँडच्या कॅसेटी दोनच, आणि त्यातली एक दुसरीपेक्षा भारी. कुठली, एवढाच प्रश्न होता.

गाव सुटलं, गाव परत धरलं, लग्नं झाली, पोरं झाली. प्रश्न तिथंच राहिला.

पुलाचीत एक गिटार आहे, ते पहिल्या बाजूच्या शेवटी असं काही वर चढतं की अमृतच्या मानेवर काटा यायचा. तो हात वर करून म्हणायचा, "ऐक, आता ऐक."

"म्हस इव्वळतीय," बाजी म्हणायचा. "रेडकू मेलंय तिचं."

"तुला काय कळतंय? तू हळदीला अन् मातीला येकच गाणं लावणारा माणूस."

"आन् तुझी पुलाची म्हंजे नुसती हळद. लगीन लागतं ते खुर्चीच्यात."

हे ऐकून स्वयंपाकघरात सुलक्षणा, अमृतची बायको, कपाळाला हात लावायची. घर गिरणीच्या पाठीमागेच, मधे एक दार. "भावजी, तुमच्या त्या चौघांना येकदा जेवायला तरी बोलवा," ती आतून ओरडायची. "निदान तोंड बघीन मेल्यांचं." पण पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरू नये म्हणून त्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची युक्ती तिचीच. तांदूळ काढताना हाताला कॅसेट लागली की ती वैतागायची आणि पुन्हा खोल खुपसून ठेवायची.

एकदा बाजीनं भैरवनाथाच्या जत्रेत पहाटेची भूपाळी लावायच्या जागी खुर्चीची लावली. सगळ्या वरव्याला ऐकू जाईल अशा कर्ण्यावर. त्याचे चुलते, गेनूआबा, नेसत्या धोतरावर धावत आले आणि वायर उपटली. "देव उठायचा ऱ्हायला, पळून गेला असता रं!" म्हणाले. बाजीला त्याचं काही वाटलं नाही. गुरुवारी येऊन अमृतला म्हणाला, "म्या निकाल लावला. आख्ख्या गावानं ऐकली. तुझी पुलाची कुणी ऐकलीय?"

त्याच्या खुर्चीचीला एक खोड होती. एका वर्षी टेपनं रीळ खाल्लं. बाजीनं कात्रीनं चुरगळलेला तुकडा कापून टाकला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. तेव्हापासून दुसऱ्या बाजूला एक गाणं हळूहळू चालत असताना मधेच एकदम उडी मारायचं आणि थेट ढोलाच्या दणक्यात पडायचं. होता होता बाजी त्या उडीच्याच प्रेमात पडला. ती यायच्या आधी तो पोत्यावरून पुढं सरकायचा, बोट उचलायचा, आणि उडी आली की मांडीवर थाप मारायचा.

अमृत दरवेळी म्हणायचा, "आरं, हे तर कात्रीनं केलंयस!"

आणि बाजी दरवेळी म्हणायचा, "मग? त्या चौघांना जमलं न्हाई ते म्या केलं."

पुढं अमृतची पोरगी स्नेहल नोकरीला लागली, चांगला मोबाईल आला, आणि एका गुरुवारी घरी होती म्हणून तिनं दोन्ही कॅसेटी त्यावर शोधून दिल्या. दोघं मोबाईलकडे वाकून बसले. दुसऱ्या बाजूचं ते गाणं आलं. बाजीनं बोट उचललं. गाणं हळूहळू चालत राहिलं, मग आणखी हळूहळू, मग केव्हातरी ढोल आला, सावकाश, नीट जागेवर. बाजीचं बोट तसंच हवेत.

"हे न्हाई ते," बाजी म्हणाला.

"काका, हेच आहे. ओरिजनल आहे," स्नेहल म्हणाली.

"लई लांबवलंय. हे आपलं न्हाई."

त्या एका दिवशी अमृतनं त्याच्याशी वाद घातला नाही. त्यालाही ते आपलं वाटलं नव्हतं.

बाजीच्या तोंडात फोड आला तेव्हा तो गालात तंबाखूची गोळी धरूनच बोलत होता. भोरला दाखवलं, मग पुण्याला. तिथं जबडा कापला. जीभही बरीचशी गेली. बाजी जिवंत घरी आला, पण बोलणं पुण्यात राहिलं.

तरी गुरुवारी आला. मोटारसायकल मुलगा कुमार चालवत होता, बाजी मागं बसलेला, तोंडावर उपरणं. पोत्यावर बसला आणि अमृतकडे बघत राहिला. अमृतला काय करावं कळेना. गिरणीत एवढी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. मग बाजीनं हातानं टेपकडे खूण केली. लाव.

अमृतनं पुलाची लावली. गिटार चढायला लागलं. बाजीच्या घशातून काहीतरी निघालं, घरघर, आणि तो थांबला. डोळे मात्र म्हणत होते, म्हण की. तेव्हा अमृत म्हणाला, "आता तू म्हणशील, म्हस इव्वळतीय."

बाजीनं जोरात मान हलवली.

"रेडकू मेलंय म्हणशील."

बाजीनं मांडीवर थाप मारली.

पुढं कितीतरी गुरुवार असंच चाललं. अमृत बाजीचं म्हणणं म्हणायचा, मग त्यावर आपलं म्हणायचा, मग पुन्हा बाजीचं. चुकलं की बाजी हात झाडायचा आणि अमृत दुसरं काही म्हणून बघायचा. सुलक्षणा दारात उभी राहून बघायची, आत जायची आणि पातळ पेज घेऊन यायची, गाळून, नळीतून जाईल अशी.

मग बाजीचं येणं थांबलं आणि अमृत वरव्याला जायला लागला. बाजी खाटेवर. हाडं आणि डोळे, बाकी काही नव्हतं. घरात तो वास, कितीही डेटॉल टाकलं तरी न जाणारा. टेप लावावा असं कुणाच्या मनातही येईना.

अमृत शेवटचा भेटायला गेला तेव्हा बाजीची बायको भामाबाई उशाशी बसली होती, पदरानं माश्या वारत. खाटेजवळ मंडपातली एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. अमृत बसायला गेला तर बाजीनं हात आडवा केला. बसू दिलं नाही. मग खुर्चीच्या हातावर त्यानं हळूच दोनदा थापटलं आणि अमृतकडे बघून भुवया उचलल्या.

अमृतला कळलं. पंचवीस माणसांत कळलं असतं.

"काय म्हणत्यात?" भामाबाईनं विचारलं.

"म्हण म्हणतोय. खुर्चीची भारी म्हणून."

"मग म्हणा की. काय जातंय तुमचं?"

बाजी बघत होता. पुन्हा थापटलं. त्याच्या डोळ्यांत चिडवणं नव्हतं, हेच अमृतला बघवेना. मागत होता तो. आणि आता म्हटलं तर ते तोंडात शेवटचं पाणी घातल्यासारखं होईल, असं अमृतला वाटलं. म्हटलं की संपलं. जोवर म्हणत नाही तोवर पुढचा गुरुवार आहे. त्यानं दोन्ही हात उचलले, बोटं बोटांत गुंतवली, पुलाची कमान केली आणि बाजीच्या तोंडासमोर धरली.

"पुलाची," तो म्हणाला. "बरा हो, गिरणीत ये, मग बघू."

बाजीनं डोळे मिटले. हसला का, ते उपरण्यामुळं दिसलं नाही.

रविवारी तो गेला.

दशक्रियेला नदीवर बरीच माणसं होती. बाजीनं इतक्यांचे मंडप घातले होते, तेवढी तर येणारच. पिंड मांडला, गुरुजींचं झालं, सगळे मागं सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे होते. समोरच्या उंबरावर तीन-चार बसलेले. एक खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर उड्या मारल्या आणि परत उडून गेला.

कुमार पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आण्णा, आईला अंतर देणार न्हाई."

कावळा हलला नाही.

"धंदा बंद करणार न्हाई, आण्णा. कर्णे इकणार न्हाई."

नाही.

बाजीच्या भावानं शेताच्या बांधाचं बोलून घेतलं. बहिणीनं रडत रडत माहेर तुटू देणार नाही म्हणून सांगितलं. ऊन चढलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. मागं दोघं-तिघं कुजबुजले, आणि गेनूआबा काठी टेकत अमृतजवळ आले.

"अमृत, त्याचं अन् तुजं ते कायतरी ऱ्हायलंय बग. त्या गाण्याचं."

"आबा, त्याचं काय हितं?"

"हितंच तर हाय. म्हणून टाक की येकदा. पोरगं कवाचं उन्हात उभं हाय."

अमृतनं इकडंतिकडं बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. सुलक्षणा बायकांत उभी होती, तिनं मान खाली घातली. भामाबाई उठून पुढं आली. कपाळ मोकळं, आवाज बसलेला.

"भावजी, मागितलं होतं त्यांनी तुमच्याकडं. माझ्या डोळ्यांदेखत मागितलं. तवा दिलं न्हाईत. आता तरी द्या."

अमृत पिंडापाशी गेला. वाळूत उभा राहिला. काय बोलायचं ते एवढंसं होतं. शेंबड्या पोरानं म्हटलं असतं.

"बाज्या," तो म्हणाला. पुढचं येईना. उंबराकडे बघितलं. "बाज्या, खुर्चीची भारी."

म्हणताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. गिऱ्हाइकाला 'आत्ता देतो दळून' म्हणतो तसा होता. रिकामा. पुलाचीतलं गिटार त्याच्या डोक्यात तेव्हाही वर चढत होतं. आता हा ऐकणार, त्याला वाटलं. खोटं बोलतोस म्हणणार. कावळा तिथून हलायचाच नाही, दिवसभर बसेल, पण ह्या असल्या म्हणण्यावर बाजी यायचा नाही. आणि मेल्यावरही बाजी बाजीच आहे हे सगळ्यांना दिसेल. क्षणभर अमृतला जवळजवळ हसू आलं.

उंबरावरून कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच मारली.

"शिवला! शिवला!" मागून आवाज उठला. बायकांना रडू फुटलं. कुमारनं येऊन अमृतचे पाय धरले. गेनूआबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सुटलं बग पोर. तुज्यापाशीच अडकलं हुतं."

भामाबाई रडत रडत हात जोडून उभी होती. "किती सोपं हुतं ओ, भावजी," ती म्हणाली.

अमृत कावळ्याकडे बघत राहिला. तो भराभर खात होता. दुसरा आला, तिसरा आला. भातावर भांडायला लागले. बाजीला अमृतचं खोटं फोनवरसुद्धा कळायचं. 'जेवलो' म्हटलं तरी कळायचं की जेवला नाही. आणि हा एका खोट्या वाक्यावर खाली आला, मन भरल्यासारखा. म्हणजे हा बाजी नव्हता. किंवा होता आणि आता त्याला अमृतचं खरं-खोटं ओळखू येत नव्हतं. दोन्हींतलं काहीही असलं तरी वाळूत उभं राहून ज्याच्याशी बोलावं असं तिथं कुणी नव्हतं.

जेवताना लोक म्हणत होते, मैत्री असावी तर अशी. त्याच्या पानात आग्रहानं आणखी एक लाडू पडला.

तेराव्यानंतर कुमार येऊन खुर्चीची देऊन गेला. "आईनं सांगितलंय, ही काकांकडंच ऱ्हाऊ दे." सुलक्षणानं ती पदरानं पुसली आणि सवयीनं तांदळाच्या डब्याकडे निघाली. अमृत म्हणाला, "ऱ्हाऊ दे वर."

गुरुवार आला. लाईट गेली. पट्टा थांबलेला, पीठ हवेतून खाली बसलेलं. अमृतनं टेप काढला, मोठे सेल घातले. आधी पुलाची लावली. गिटार आलं तिथं आलं, वर चढलं तेवढं चढलं. मानेवर काही झालं नाही. चार परकी माणसं परक्या भाषेत ओरडत होती, आणि मधल्या मोकळ्या जागा ऐकू येत होत्या, जिथं म्हस ओरडायची, जिथं रेडकू मरायचं. त्याला पहिल्यांदा कळलं की ही कॅसेट त्यानं एकट्यानं कधी ऐकलेलीच नाही. गाणं वाईट नव्हतं. गाणं काहीच नव्हतं.

ती काढून त्यानं खुर्चीची लावली. निदान हिच्यावर तरी चिडता येईल, असं वाटून. न्हाई भारी ही, असं मोठ्यानं, खरंखुरं म्हणता येईल. पण चीडही येईना. दुसरी बाजू लावली. ते हळू गाणं सुरू झालं. पोत्यावर पीठ बसलं होतं, त्यावर कुणी बसलेल्याची खूण नव्हती. गाणं चालत राहिलं, चालत राहिलं, आणि उडी मारून ढोलात पडलं.

"आरं, हे तर कात्रीनं केलंयस!" अमृतच्या तोंडून निघून गेलं. निघालं ते मोठ्यानं, भिंतीला लागून परत आलं.

मग तो थांबला. बाजीचं पुढचं वाक्य त्याला येत होतं. कितीतरी गुरुवार त्यानंच तर ते म्हटलं होतं. पण तेव्हा समोर मांडीवर थाप मारणारा होता. 

मधल्या दारात सुलक्षणा उभी होती. हाताला कणीक लागलेली. ती कधी आली त्याला कळलं नव्हतं. तिनं एकदा पोत्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि थोडी लाजत, थोडी घाबरत, बाजीच्याच चालीवर ती म्हणाली,

"मग? त्या चौघांना जमलं न्हाई ते म्या केलं."

एक अक्षर चुकलं नव्हतं. इतकी वर्षं चुलीपुढं बसून तिनं सगळं ऐकलं होतं.

अमृतनं टेप बंद केला.

"तू नको म्हणू," तो म्हणाला.

"बरं," सुलक्षणा म्हणाली. बोटांची कणीक खरवडत ती आत गेली. पोळपाटाचा आवाज यायला लागला.

पुढच्या आठवड्यात गोठ्यात साप निघाला. सुलक्षणानं बॅटरी शोधली तर ती पेटेना.

"टेपातलं सेल घेऊ का?" तिनं विचारलं.

गिरण चालू होती. अमृतला अर्धंच ऐकू आलं असावं. तरी तो म्हणाला, "घे."